वायूच्या वाटेवर पाण्याचा बांध

काचेची छोटी बाटली. आत पाण्यासारखं स्वच्छ, किंचित हिरवट काहीतरी. बाटली उलटी केली तरी ते जागचं हलत नाही. काचेवर टिचकी मारली की आतला गोळा थरथरतो आणि ती थरथर बाटली धरलेल्या हाताला स्पष्ट जाणवते. अमेरिकेतल्या मॅरॅथॉन ऑइल कंपनीत काम करणाऱ्या रॉबर्ट सिडान्स्क यांनी १९८०च्या दशकात अशा जेलांची प्रतवारी लावली आणि तेलक्षेत्रातल्या प्रयोगशाळांमध्ये ती आजही चालते. ‘ए’ म्हणजे अजून निव्वळ द्रव. मधल्या अक्षरांवर बाटली कलंडताच सावकाश ओघळणारे दाट प्रकार येतात. शेवटचं अक्षर ‘जे’, म्हणजे टिचकीला नाद देणारं कडक जेल. अब्जावधी रुपयांचे निर्णय ज्यावर ठरतात ती ही चाचणी बाटली उलटी करून आणि टिचकी मारून होते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याहून मोठं नवल या जेलाच्या कृतीत आहे. नेहमीच्या एका कृतीत अर्धा टक्का पॉलिमर असतं आणि ०.०४ टक्के क्रोमियम अॅसिटेट. उरलेलं ९९ टक्क्यांहून जास्त सगळं खारं पाणी. म्हणजे तो थरथरणारा घन गोळा जवळजवळ पाणीच. हे पाणी जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटर खोल उतरवतात आणि खडकातून सुसाट पळणाऱ्या वायूची वाट त्यानं अडवतात.

वायूला अडवायचं कशासाठी, हे समजायला आधी खडकात शिरावं लागेल. जमिनीखाली तेलाची तळी नसतात. वाळूखडकाच्या किंवा चुनखडीच्या कणांमध्ये, मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागणाऱ्या छिद्रांत तेल अडकलेलं असतं. खाली खारं पाणी, वर तेल, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्याही वर वायूची टोपी. विहीर खणली की दाब कमी होतो, वायू फुगतो आणि तेलाला विहिरीकडे ढकलतो. वायू हा तेल काढणाऱ्याचा मित्रच. म्हणून दाब टिकवायला तो मुद्दाम खडकात सोडलाही जातो. एवढं करूनही जगभरच्या क्षेत्रांतून सरासरी एक-तृतीयांशाच्या आसपासच तेल वर येतं. उरलेलं खालीच राहतं, आणि त्याला मोठं कारण हाच मित्र असतो.

१८५६ साली फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी झटलेल्या हेन्री दार्सी या अभियंत्यानं वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडलं आणि किती दाबाला किती पाणी झिरपतं याचा नियम मांडला. पुढे त्या नियमात द्रवाच्या दाटपणाचीही भर पडली. दाब सारखाच असेल तर जो पातळ तो जोरात वाहतो. खोल खडकातला नैसर्गिक वायू पाण्याच्या चाळीस-पन्नास पट पातळ असतो. तेल आणि वायू शेजारी-शेजारी असले आणि विहीर दोघांनाही ओढत असली, तर शर्यत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं आहे.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. १९५८ साली फिलिप सॅफमन आणि जेफ्री टेलर यांनी दोन काचपट्ट्यांमधल्या चिंचोळ्या फटीत दाट ग्लिसरिन भरून त्यात हवा ढकलली. हवा सरळ रेषेत पुढे सरकली नाही. तिच्या कडेला फाटे फुटले, फाट्यांपैकी एक पुढे गेला, आणि पुढे गेलेल्याला अडथळा कमी म्हणून तो आणखी पुढे धावला. पातळानं दाटाला ढकलायचं म्हटलं की हे असं होणारच. तेलखडकात सोडलेला वायू नेमकं हेच करतो. एखादी वाट सापडली की सगळा वायू त्याच वाटेनं पळतो आणि दोन्ही बाजूंचं तेल जिथल्या तिथे राहतं.

त्यात खडकाला भेग असली तर विचारायलाच नको. गणित करून पाहा. चांगल्यापैकी घट्ट वाळूखडकाची पार्यता, म्हणजे द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता, १० मिलिडार्सी धरू. हे एकक त्याच दार्सींच्या नावाचं. एक मिलिमीटर रुंदीच्या मोकळ्या भेगेची पार्यता निघते सुमारे ८४ हजार डार्सी. म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळाच्या खडकापेक्षा भेग ८० लाखांहून जास्त पटींनी सोपी. नखाच्या जाडीएवढी एक भेग अख्ख्या थराचं काम बिघडवू शकते ती यामुळे.

याचा ताप किती मोठा असतो ते अलास्काच्या प्रूडो बेमध्ये दिसतं. आर्क्टिक महासागराच्या काठावरचं हे प्रचंड क्षेत्र १९६८ साली सापडलं आणि १९७७ साली तिथलं तेल सुमारे १,३०० किलोमीटरच्या नळातून दक्षिणेला वाहू लागलं. तेलाला नळ मिळाला, पण वायूला बाजारापर्यंत नेणारा नळ झाला नाही. म्हणून तेलाबरोबर वर येणारा वायू वेगळा काढायचा, दाबायचा आणि पुन्हा खडकात सोडायचा, असं चक्र तिथे सुरू झालं. या चक्राची क्षमता दिवसाला सुमारे ८ अब्ज घनफूट, म्हणजे बावीस-तेवीस कोटी घनमीटर. अख्खा भारत रोज वापरतो त्याहून जास्त नैसर्गिक वायू तिथे नुसता वर-खाली फिरतो! तरीही ती क्षमता अपुरी पडायची. रोज किती तेल काढता येईल हे जमिनीखाली किती तेल उरलंय यावर ठरत नव्हतं, वर किती वायू हाताळता येईल यावर ठरत होतं. ज्या विहिरीतून तेल थोडं आणि वायू फार, ती आधी बंद ठेवायची. अशा विहिरीत वायू जिथून शिरतो तेवढीच जागा बुजवता आली, तर ती विहीर पुन्हा चालू होते आणि वाचलेल्या क्षमतेत दुसऱ्या विहिरींचंही तेल येतं.

सिमेंटनं हे का करत नाहीत? करतात, पण सिमेंट विहिरीच्या भिंतीशीच अडकतं. त्याचे कण खडकाच्या छिद्रांत शिरत नाहीत आणि अरुंद भेगेत लांबवर जात नाहीत. वायू दोन-चार हात मागूनच वळसा घालून पुन्हा हजर. इथे हवी असते अशी वस्तू जी पाण्याच्या सहजतेनं आत खोलवर जाईल आणि पोहोचल्यावर पाणी राहणार नाही.

त्या वस्तूचं मुख्य द्रव्य म्हणजे पॉलिअॅक्रिलामाइड. सांडपाणी स्वच्छ करताना गाळ खाली बसवायला हेच वापरतात, आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रथिनं वेगळी करण्याची पारदर्शक जेलची पातळ वडीही याचीच. तेलक्षेत्रात वापरतात त्या पॉलिमरचा रेणुभार एक कोटीच्या घरात असू शकतो. त्यातली एकेक कडी ७१ भाराची, म्हणजे एका रेणूत जवळपास १ लाख ४० हजार कड्या. हा रेणू ओढून सरळ केला तर त्याची लांबी सुमारे ३५ मायक्रॉन भरेल, माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढी. एकच रेणू, आणि लांबी जवळजवळ डोळ्याला दिसावी इतकी! पाण्यात मात्र तो गुरफटून मायक्रॉनपेक्षाही लहान होतो आणि खडकाच्या छिद्रातून निघून जातो.

या साखळीवर काही जागी ऋणभारित गट असतात. क्रोमियमचा तीन धनभारांचा आयन दोन वेगवेगळ्या साखळ्यांवरच्या अशा गटांना एकदम धरतो. अशा गाठी पुरेशा पडल्या की सुटे रेणू उरत नाहीत. सगळ्या द्रवात एकच सलग जाळं तयार होतं आणि पाणी त्यात कोंडलं जातं. चिकाचा खरवस होताना असंच घडतं. भांड्यात ओतलेलं पातळ दूध उष्णतेनं थिजतं, त्यातली प्रथिनं एकमेकांना धरतात, आणि पाणी कुठेही न जाता वडी पडते.

खरी करामत वेळेची आहे. क्रोमियमचं साधं लवण घातलं तर गाठी ताबडतोब पडतात आणि जेल पंपातच बसतं. क्रोमियमला अॅसिटेटनं आधीच धरून ठेवलेलं असलं, तर ते हळूहळू सुटतं. अर्धा टक्का पॉलिमरच्या त्या नेहमीच्या कृतीला ४१ अंश सेल्सिअसला बसायला सुमारे पाच तास लागतात. सिडान्स्क यांची ही युक्ती येण्याआधी वेळ लांबवण्यासाठी सहा धनभारांचं क्रोमियम घालत आणि दुसऱ्या रसायनानं ते जागेवर तीन धनभारांचं करत. पण सहा धनभारांचं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणारं विष आहे. अॅसिटेटच्या वाटेमुळे ते हाताळण्याची गरजच संपली. सिडान्स्क यांच्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

आता हे द्रावण वायूच्या वाटेवर पोहोचवायचं कसं? खाली कुणी पाहायला जात नाही. वाट शोधावी लागतच नाही, कारण जी वाट वायूला सोपी तीच या द्रावणालाही सोपी. ज्या भेगेनं तेलाला चकवून वायू पळाला, तीच भेग जेलाला ओढून घेते आणि त्यातच बुजते. खडकाला त्याच्याच खोडीनं ताळ्यावर आणणारा हा उपाय मला विज्ञानातल्या फार देखण्या कल्पनांपैकी एक वाटतो.

पण सगळं इतकं सरळ नाही. पातळ द्रावण सोप्या वाटेनं जास्त जातं हे खरं, तरी थोडं तेलाच्या थरातही शिरतंच, आणि तिथे बसलं तर तेलाचीच वाट बंद. न्यू मेक्सिकोतले रँडी सेराइट यांनी या एका प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भेगा पाडलेल्या खडकांच्या तुकड्यांतून जेल ढकलून पाहिलं तेव्हा एक सुंदर गोष्ट दिसली. अर्धवट किंवा पूर्ण बसलेलं जेल खडकाच्या छिद्रांत शिरत नाही, कारण आता ते सुटे रेणू नसून सलग जाळं असतं. भेगेतून मात्र दाबाखाली ते पिळून पुढे सरकतं. जाताना त्यातलं पाणी भेगेच्या भिंतींतून खडकात झिरपतं, जेल आटतं आणि आणखी घट्ट होतं. म्हणजे भेगाळ खडकात जेल बसण्याची वाट पाहून मग पंप करणंच कधी कधी जास्त शहाणपणाचं. जिथे भेगा नाहीत आणि थर एकमेकांवर रचलेले आहेत, तिथे हा फायदा मिळत नाही. अशा ठिकाणी तेलाचा थर वेगळा झाकून ठेवून जेल नेमक्या जागीच सोडावं लागतं.

प्रूडो बेमध्ये हाच पेच होता, शिवाय तापमानाचा. वर कायम गोठलेली जमीन आणि खाली नव्वद अंशांच्या वर तापलेला खडक. तापमान वाढलं की गाठी भराभर पडतात, तेव्हा जेल आत जाण्याआधीच बसण्याची भीती. पण विहिरीतून थंड द्रव सोडला की भोवतीचा खडक काही काळ निवतो, आणि किती द्रवानं किती अंतरापर्यंत किती अंश निवेल, हे आकड्यांत मांडता येतं. खडक आधी निववायचा, त्या थंडाव्यात जेल आत सारायचं आणि मग पृथ्वीची उष्णता परत येऊन ते थिजवेल याची वाट पाहायची. तापमानाचं असं गणित आणि नेमक्या जागी सोडणं, या दोन्हींच्या जोरावर तिथे वायू बंद करता आल्याचं अभियंत्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलं.

दुसरं ठिकाण कोलोरॅडोमधलं रेंजली. इथला वाळूखडक सुमारे १,८०० मीटर खोल आहे. १९८६पासून शेवरॉन कंपनीनं त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात केली. एवढ्या खोलीवरच्या दाबात आणि उष्णतेत हा वायू ना धड वायू राहतो ना द्रव. त्याची घनता द्रवाच्या जवळ जाते, तो तेलात मिसळतो, तेल पातळ करतो आणि खडकातून सोडवतो. पण त्याचा पातळपणा वायूचाच. भेग दिसली की पसार. महाग वायू एका विहिरीतून आत सोडायचा आणि तो तेलाला न शिवता शेजारच्या विहिरीतून बाहेर यायचा! १९९४ ते १९९७ या काळात तिथे वायू सोडण्याच्या ४०हून जास्त विहिरींवर क्रोमियम-पॉलिअॅक्रिलामाइड जेलाचे उपचार झाले. कार्बन डायऑक्साइडच्या क्षेत्रातल्या जेलाविषयी आज जे ठामपणे बोललं जातं त्याचा बराचसा आधार रेंजलीचा अनुभव आहे.

याच रेंजलीत आणखी एक विलक्षण प्रयोग झाला होता. १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणानं तिथे खडकातला पाण्याचा दाब मुद्दाम वाढवला आणि कमी केला. दाब वाढला की छोटे भूकंप वाढायचे, उतरवला की थंडावायचे. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपानंतर धरणाचं पाणी आणि भूकंप यांच्या नात्यावर महाराष्ट्रात जी चर्चा सुरू झाली, तिच्या मुळाशी असलेलं भौतिकशास्त्र हेच. भेगेतला दाब भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींपासून सोडवतो. ज्या खडकात जेल सारायचं, तो असा जिवंत असतो. पंपाचा दाब जरा जास्त झाला तर जुनी भेग बुजण्याऐवजी नवीन उघडते.

वायूला जेलानं अडवणं हे पाण्याला अडवण्यापेक्षा अवघड आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. जेल पाण्याचा प्रवाह जितका कमी करतं तितका तेलाचा करत नाही. पाणी उपसणाऱ्या विहिरींसाठी ही मोठी देणगी, कारण पाणी अडतं आणि तेल बऱ्यापैकी येत राहतं. पण वायूच्या बाबतीत तोच गुण उलटतो. सेराइट यांच्या मोजमापांत खडकाच्या छिद्रांत बसलेल्या जेलानं पाण्याची वाट जितकी आवळली त्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडची फार कमी. वायू जेलात वाट पाडतो, त्यातलं पाणी हुसकतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की पाणी आम्लयुक्त होतं आणि गाठी पडण्याचं रसायनच बदलतं. म्हणून वायूसाठी जेल वापरायचं तर ते भेगेत, भरघोस आणि कडक हवं. जिथे भेगा नाहीत तिथे साबणासारख्या रसायनांचा फेस हा वेगळा उपाय आहे, आणि फेसालाच जेल बनवण्याचे प्रयोगही झाले आहेत.

उष्णता हा दुसरा शत्रू. फार तापलेल्या खडकात पॉलिमरवर ऋणभारित गट वाढत जातात. मग खाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही त्यांना धरू लागतं. जाळं आकसतं, कोंडलेलं पाणी बाहेर टाकतं आणि भेग पुन्हा उघडी पडते. त्यावर क्रोमियमऐवजी पॉलिएथिलीनइमाइनसारखे सेंद्रिय दुवे आणि उष्णतेत टिकणाऱ्या कड्यांचे पॉलिमर काढले गेले. काम अजून चालू आहे.

आपल्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हायच्या चुनखडीतही तेलाच्या डोक्यावर वायूची टोपी आहे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगनं शोधलेल्या आणि १९७६पासून तेल देणाऱ्या या क्षेत्राचं वय आता अशा वळणावर आहे की विहिरीत तेलाऐवजी काय येतं हाच रोजचा प्रश्न व्हावा. राजस्थानातल्या बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्रात तर हेच पॉलिअॅक्रिलामाइड, गाठी न मारता, नुसतं पाणी दाट करायला वापरलं जातं. दाट पाणी तेलाला मागे सोडून पळत नाही, एवढाच त्यातला हेतू.

या साऱ्या कौशल्याचा शेवट आणखी तेल जाळण्यात होतो, ही गोष्ट मला डाचते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण खडकातला वायू कुठे जातो आणि त्याला कसं थांबवायचं, हे ज्ञान तेलापुरतं राहणारं नाही. नॉर्वेजवळच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वाळूखडकात साठवण्याचं काम सुरू झालं, ते तेल काढण्यासाठी नव्हे तर तो हवेत जाऊ नये म्हणून. अशी साठवण वाढवायची तर जुन्या विहिरींभोवतीच्या सिमेंटच्या चिरा आणि वरच्या खडकातल्या भेगा बुजवण्याची तयारी आधीपासून हवी. तेलविहिरीतलं जेल काही वर्षं टिकलं तरी त्याचं काम झालं. साठवणीत ते आम्लयुक्त, खाऱ्या, गरम पाण्यात शतकानुशतकं टिकायला हवं. असं जेल आज कुणाकडेही नाही. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत किंवा कुठल्याही विद्यापीठात पॉलिमर शिकणाऱ्या मुलामुलींना माझं आग्रहाचं सांगणं आहे, हा प्रश्न मोकळा आहे आणि तुमच्या आयुष्याची वीस वर्षं त्याला द्यावीत इतका मोठा आहे.